पिक्रेलबाईंच्या लॉनचा खून

१

मढं सरळ रस्त्यावरूनच दिसत होतं.

ओडेल टॅकेटनं ट्रक उभा केला, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकली आणि नुसताच बघत बसला. लबक गावात लोकांच्या लॉनचे फवारे दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. वाळकी लॉनं त्यानं ढिगानं बघितली होती. पण हे लॉन रॉयस पिक्रेलचं. गल्लीत सगळ्यात देखणं. रॉयस ते आठवड्यातून दोनदा स्वतः कापायचा, दुसऱ्याला मशीन लावू द्यायचा नाही. रॉयस जानेवारीत गेला, आणि आता जुलैत त्याचं लॉन फुटपाथपासून ओट्यापर्यंत करपलं होतं. हिरवं म्हणाल तर एकच, डाव्या अंगाला मार्चमध्ये लावलेलं कमरेएवढं झाड.

ओट्यावर दोघीजणी उभ्या होत्या. एक रॉयसची बायको नेडीन, बारीक चणीची, हातात रुमाल. दुसरी व्हर्लीन स्ट्रूप, सोसायटीच्या चेअरमनबाई. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई, उभी राहिली की समोरच्याला आपोआप शर्ट खोचावासा वाटायचा.

"हा खून आहे, मिस्टर टॅकेट," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "आणि खुनी कोण तेही मला ठाऊक आहे."

"वा. मग मला कशाला बोलावलंत? पोलिसांना तरी बोलवायचं."

"व्हर्लीन, नको ना," नेडीन म्हणाली. "ओडेल, तू फक्त बिघाड शोध. हिनं त्या बिचाऱ्या फाउस्तिनोच्या मागं लकडा लावलाय. रॉयस गेल्यापासून माझं लॉन तोच कापतो."

"त्यानंच वायर तोडली," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये ते झाड लावताना. परवा गुरुवारी सोसायटीची मीटिंग आहे. मी ठराव आणतेय. या गल्लीत त्याला काम नाही."

ओडेलनं तोंडातली बी चावली नाही, तशीच धरून ठेवली. फाउस्तिनो ओल्वेराला तो ओळखत होता. या गल्लीतली अकरा लॉनं फाउस्तिनोची. अकरा लॉनं म्हणजे त्याचं सगळं घर. एका ठरावात माणूस रस्त्यावर येणार होता.

"पुरावा?"

"हा काय!" बाईंनी फायलीतून पिवळा पडलेला नकाशा काढला. "फवारे बसवले तेव्हाचा. गॅरेजात भिंतीला चिकटवलेला होता. व्हॉल्व्हची पेटी कुठं पुरली, तिथं फुली आहे. आणि झाड बघा. बरोब्बर फुलीवर! आणि लॉन ठणठणीत होतं, मिस्टर टॅकेट. जूनची 'महिन्याचं लॉन' पाटी मी स्वतःच्या हातानं इथं ठोकली, रॉयसच्या आठवणीसाठी. पाचूसारखं लॉन होतं तेव्हा. मग नेडीन बहिणीकडं अमारिलोला गेली, आणि तीन आठवड्यांत हे."

"मार्चमध्ये तोडलेली वायर जूनमध्ये बोंबलली म्हणता?"

"कुदळीनं टवका उडाला असेल. हळूहळू गंजली, मग तुटली. मी काही अडाणी नाही."

ते खोटं नव्हतं. टवका उडालेली वायर महिने-महिने तग धरते, मग एक दिवस मान टाकते. ओडेलनं स्वतः शंभरदा बघितलं होतं.

नेडीननं त्याला घरातून गॅरेजात नेलं. बोळाच्या भिंतीवर फोटोच फोटो होते. दर वर्षीच्या चार जुलैचे, स्वातंत्र्यदिनाचे: लॉनवर नातवंडं, हातात झेंडे, कलिंगडाच्या फोडी, पेयांची निळी बर्फपेटी आणि मागं छाती काढून उभा रॉयस. ओडेल क्षणभर थांबला, मग पुढं गेला.

गॅरेजात टायमर. टायमरमधून वायरी जमिनीखाली जातात, वायरींच्या टोकाला पेटीत व्हॉल्व्ह बसलेले. टायमरनं वीज सोडली की व्हॉल्व्ह उघडतो नि फवारे उठतात. सगळं शास्त्र एवढंच. ओडेलनं वायरी सोडवल्या आणि मीटर लावला. मागच्या अंगणातले तीन व्हॉल्व्ह: पंचवीस, सव्वीस, पंचवीस. खणखणीत. पुढचे दोन: काहीच नाही. जणू पलीकडं कुणी राहतच नाही.

"दोघं एकदम गेले," तो म्हणाला. "नेडीनबाई, दोन म्हातारे एकाच दिवशी मेले तर काय समजायचं?"

"काय?"

"दोघांनी एकाच ताटातलं खाल्लंय. या दोघांचं ताट म्हणजे ही पांढरी वायर. रंगीत वायर ज्याची त्याची वेगळी, पण पांढरी दोघांत मिळून एकच. ती तुटलीय. कुठंतरी पेटीपाशी नाहीतर वाटेत. पेटी कुठाय तेवढं सांगा, जेवायच्या आत फवारे चालू करून देतो."

नेडीननं रुमालाची घडी घातली, मोडली.

"तेच तर. मला ठाऊक नाही. रॉयसला ठाऊक होतं."

२

फाउस्तिनो तासाभरानं आला. टोपी हातात, बुटांवर दुसऱ्या कुणाच्या तरी लॉनचं गवत.

"माएस्त्रो," त्यानं ओडेलला मान लववली. हाताच्या कारागिराला त्याच्याकडं असंच म्हणतात.

"झाड तू लावलंस?"

"हो. नेडीन सेन्योरांनी सांगितलं, रॉयससाहेबांच्या नावानं. गुलाबी फुलं येतात त्याला."

"लॉन वाळताना दिसलं नाही तुला?"

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिसलं. सेन्योरांना फोन केला, लागला नाही. टायमरला हात लावायची मला परवानगी नाही. मग मी पिंपातून पाणी आणून झाडाला घालत राहिलो. अख्ख्या लॉनला कसं घालणार?"

"बघा! झाडाला पाणी घालतो!" व्हर्लीनबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मनात पाप असल्याशिवाय कुणी फुकट पाणी वाहतं का?"

"बाई, तुमच्या हिशेबानं मग देवळात जाणारा प्रत्येकजण चोर," ओडेल म्हणाला आणि फाउस्तिनोकडं वळला. "खड्डा खणताना काही लागलं होतं कुदळीला?"

फाउस्तिनो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. चाळीस वर्षांत ओडेलनं असं टोपी फिरवणं बरंच बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ सहसा एकच असायचा.

"फाउस्तिनो, उद्या मला खाली काहीही सापडलं तरी ते तुझ्या तोंडून आधी ऐकलेलं बरं."

"काहीतरी तुटलं होतं," फाउस्तिनो हळूच म्हणाला. "बोटाएवढं. मला मूळ वाटलं. नंतर रात्रभर वाटत राहिलं, की मूळ नव्हतं. कुणाला बोललो नाही. भीती वाटली, माएस्त्रो."

व्हर्लीनबाईंनी फाईल मिटली. तिचा आवाज थोबाडीत मारल्यासारखा आला.

ओडेलनं ट्रकमधून वायर शोधायचं यंत्र काढलं. त्याचा एक भाग गॅरेजात पांढऱ्या वायरीला जोडायचा, दुसरा भाग हातात धरून जमिनीवरून चालायचं. खाली वायर असली की हातातला भाग गुणगुणतो. गॅरेजच्या कोपऱ्यापासून गुणगुण सुरू झाली. घराच्या भिंतीनं चालली. ओट्यासमोर जरा घुटमळली, पायवाटेकडं एक बारीकशी कुजबुज गेल्यासारखी वाटली, पण मोठा आवाज सरळ डावीकडं धावत होता. ओडेल मोठ्या आवाजामागं गेला.

आवाज झाडाच्या बुंध्याशी आला आणि कुणी गळा दाबावा तसा थांबला.

३

"खणा," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "आता खणाच."

खणलं फाउस्तिनोनंच. ओडेल कुदळ घ्यायला पुढं झाला, तर त्यानं मान हलवली. "माझं झाड आहे. मुळं मला ठाऊक आहेत." वीतभर खाली मातीतून एक काळं टोक वर आलं. तिरकं कापलेलं, स्वच्छ.

नेडीन खाली बसली. "अरे देवा, फाउस्तिनो."

फाउस्तिनो गुडघ्यांवर तसाच राहिला. "अकरा घरांना मी स्वतःच सांगीन," तो म्हणाला. "गुरुवारची वाट बघायला नको."

"थांब जरा. गुन्हा कबूल करायची एवढी घाई कुणाला असते?" ओडेल खाली वाकला. गुडघे कडकडले. त्यानं ते टोक चाकूनं सोललं, बघितलं, आणि हसला. पोट हलेपर्यंत हसला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बाई कडाडल्या.

"बाई, फवाऱ्याची वायर पेन्सिलीतल्या शिशाएवढी असते. आणि शोधतोय ती पांढरी. ही काळी, बोटाएवढी, आत पांढरा फेस आणि मधे एकच जाड तार. ही टीव्हीची केबल आहे. नेडीनबाई, केबल कधी बंद केली तुम्ही?"

"रॉयसनं छपरावर डिशची ताटली बसवली तेव्हा. पंधरा वर्षं झाली."

"म्हणजे या पठ्ठ्यानं पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा खून केलाय." ओडेलनं फाउस्तिनोच्या खांद्यावर थाप मारली. "आणि मी तितकाच गाढव. दोन तारा शेजारी गेल्या की आवाज एकीवरून दुसरीवर उडी मारतो. जाडी तार जास्त ओरडते. मी ओरडणाऱ्याच्या मागं गेलो."

"पण नकाशा!" व्हर्लीनबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. "फुली!"

"फाउस्तिनो, हा खड्डा खणायला किती वेळ लागला तुला?"

"तीन दिवस. खाली पांढरा थर आहे, दगडासारखा. लोखंडी पहारीनं फोडला."

"ऐकलंत? आपल्या मातीतला चुन्याचा थर. छपराच्या स्लॅबसारखा. बसवणाऱ्यांनी नकाशा काढला आधी, कुदळ मारली नंतर. इथं ठणकन वाजलं आणि ते गेले मऊ मातीकडं. कागद सुधारायला कुणाला वेळ होता? पेटी इथं कधीच नव्हती." ओडेल उठला. "अजून एक. नेडीनबाई, पुढचे फवारे चालताना शेवटचं कधी बघितलं?"

नेडीननं आठवलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मेच्या शेवटच्या रविवारी. चर्चच्या बायका आल्या होत्या. टायमर बंद करायला विसरले. डोरिसची टोपी अशी भिजली, की ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"म्हणजे मेच्या शेवटी वायर जिवंत. तुम्ही अमारिलोला गेलात कधी?"

"दोन जूनला. आले तेवीसला."

"आणि फाउस्तिनोला वाळलेलं दिसलं दुसऱ्या आठवड्यात. इथल्या उन्हात पाण्यावाचून हरळी आठ दिवसांत रंग टाकते. म्हणजे जे झालं ते जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांत झालंय." ओडेल बोलता बोलता थांबला. "त्या दिवसांत लॉनवर कोण आलं होतं?"

नेडीननं एकदा व्हर्लीनकडं बघितलं, मग कुंपणापलीकडं. आवाज खाली आणला.

"मला सांगायचं नव्हतं. कॉय ब्लेडसो. निघायच्या दिवशी पहाटे मी खिडकीतून बघितलं. माझ्या लॉनवर गुडघे टेकून बसला होता. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. जमिनीत खुपसत होता."

४

कॉय ब्लेडसोच्या लॉनमध्ये जुलैची 'महिन्याचं लॉन' पाटी उभी होती. पांढरी, हिरव्या अक्षरांची, दोन लोखंडी पायांची. कॉय तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता, नवऱ्या मुलाच्या बापासारखा.

"अभिनंदन, लेका," ओडेल म्हणाला. "किती वर्षांनी?"

"नऊ. नऊ वर्षं त्या रॉयसनं मला पाणी पाजलं." कॉय ओडेलचा शाळेतला सोबती, तोंडानं फाटका. "आता हसू नकोस. शेजाऱ्याचं मढं पडल्यावर मिळालेली पाटी आहे, ठाऊक आहे मला. गोड लागत नाही."

"दोन जूनला पहाटे नेडीनच्या लॉनवर काय करत होतास?"

कॉयचा चेहरा भाजलेल्या बिटासारखा झाला.

"बघितलं तिनं? मेलो." त्यानं मान खाली घातली. "माती काढत होतो. डबीभर. रॉयस खत काय घालायचा ते कळावं म्हणून कॉलेजात तपासायला पाठवली. मेल्यावरही त्यानं सांगितलं नाही, काय करू?"

"स्क्रूड्रायव्हर किती खोल गेला?"

"चार बोटं. कुंपणाशेजारी. दाखवतो चल, खळगा असेल अजून."

खळगा होता. कुंपणाला लागून, वायरीपासून कोसभर लांब. ओडेलनं बूट फिरवून तो बुजवला.

"कॉय, रॉयसनं व्हॉल्व्हची पेटी पुरली कशाला? झाकण वर ठेवायचं असतं. दुसरीतल्या पोरालाही कळतं."

"या गल्लीत विचार असं! आम्ही सगळ्यांनीच पुरल्यात. हिरवळीत ते प्लास्टिकचं झाकण दिसलं की कमिटी गुण कापते. रॉयस म्हणायचा, 'लॉनमध्ये झाकण म्हणजे हसऱ्या तोंडातला किडका दात.' माती टाकायची, वर हरळी चढवायची, विषय संपला. पण तो धूर्त होता. कुठं पुरली ते बायकोलाही नाही सांगितलं. तिनं कमिटीला सांगितलं असतं ना, चहा पिता पिता." कॉय हसला. "आणि पाटीचं खूळ तर विचारूच नकोस."

"पाटीचं कसलं खूळ?"

"दरवेळी पाटी घेऊन व्हर्लीन यायची, हातोडा घेऊन. की हा पळत बाहेर. तिच्या हातातून पाटी ओढून घ्यायचा आणि गुलाबाच्या वाफ्यात स्वतः रोवायचा. नऊ वर्षं! लॉनमध्ये एकदाही ठोकू दिली नाही. म्हणे, वाफ्यात शोभते. तिथं रस्त्यावरून दिसायचीसुद्धा नाही नीट."

ओडेलनं तोंडातल्या सगळ्या बिया एकदम थुंकल्या.

"कॉय," तो म्हणाला, "ती पाटी उपट."

"काय? माझी पाटी?"

"अर्ध्या तासापुरती. आणि चल माझ्याबरोबर."

५

ओडेल आधी घरात गेला आणि बोळातले चार जुलैचे फोटो भिंतीवरून काढून ओट्यावर ओळीनं मांडले. सगळे जमले. नेडीन, फाउस्तिनो, पाटी छातीशी धरलेला कॉय, आणि घड्याळ बघत असलेल्या व्हर्लीनबाई.

"शाळेतल्यासारखा प्रश्न आहे, बाई," तो म्हणाला. "सात वर्षांचे सात फोटो. पोरं वाढली, कपडे बदलले, कुत्रासुद्धा बदलला. न बदललेलं काय?"

बाईंनी चष्मा लावला. परीक्षा म्हटल्यावर त्यांच्यानं राहवलं नाही. "रॉयसची टोपी."

"आणखी."

"ती निळी बर्फपेटी. त्याच जागी. पायवाटेच्या तिसऱ्या फरशीजवळ."

"पैकीच्या पैकी. आता सांगा, जुलैच्या उन्हात शहाणा माणूस बर्फ कुठं ठेवतो?"

"सावलीत," फाउस्तिनो म्हणाला. "ओट्यावर."

"ओट्यावर जागा मोकळी आहे. सातही वर्षं. तरी रॉयसनं बर्फ भर उन्हात ठेवला. रॉयस मूर्ख होता का, नेडीनबाई?"

"मूर्ख?" नेडीन म्हणाली. "बर्फाचा एक खडा वाया जाऊ द्यायचा नाही तो."

"मग तो बर्फपेटीखाली काहीतरी झाकत होता. व्हॉल्व्हपेटीच्या झाकणावर दोन इंच माती टाकली की हरळी धरते खरी, पण मुळांना खाली जायला जागा नाही. कडक उन्हाळ्यात तेवढाच तुकडा पिवळा पडतो. पावाच्या ट्रेएवढा, चौकोनी. जुलैत रॉयसचा किडका दात दिसायला लागायचा आणि तो त्यावर बर्फ ठेवायचा. आता सगळंच पिवळं आहे, म्हणून कुणाला दिसत नाही."

तो पायवाटेनं तिसऱ्या फरशीपाशी गेला. तिथं यंत्र कुजबुजलं होतं आणि त्यानं कान दिला नव्हता. खाली बसून त्यानं वाळलेलं गवत हातानं विंचरलं. एक भोक. बोट जाईल एवढं. दीड फुटावर दुसरं. पाण्यावाचून जमीन विटेसारखी भाजली होती, म्हणून भोकं जशीच्या तशी राहिली होती.

"कॉय, पाटी दे."

पाटीचे दोन पाय दोन भोकांत गेले. कुलपात किल्ली जावी तसे.

व्हर्लीनबाईंचा हात चष्म्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"जूनची पाटी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, या वेळी तरी सगळ्या रस्त्याला दिसू दे. रॉयससाठी. एका बाजूला जात नव्हती. मी हातोड्याचे चार जास्तीचे घाव घातले."

"जात नव्हती, कारण खाली झाकण होतं," ओडेल हळू म्हणाला. "नऊ वर्षं रॉयस पळत येऊन तुमच्या हातातून पाटी घ्यायचा, ते शोभेसाठी नाही. यंदा पळत यायला तो नव्हता. फाउस्तिनो, खण. हळू."

दोन इंच माती निघाली आणि हिरवं झाकण वर आलं. एका कडेला गोल भोक. झाकण उचललं. आत वाळकी माती, मुंग्यांचं घर, दोन काळे व्हॉल्व्ह शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामधून गेलेली पांढरी वायर. भोकाच्या बरोबर खाली तिचे दोन तुकडे झाले होते. टोकांचं तांबं अजून लाल चमकत होतं.

"गंज नाही," ओडेल म्हणाला. "म्हणजे टवका नाही, हळूहळू नाही. एका घावात गेली. बाई, वाईट हेतू नव्हता कुणाचाच. बक्षिसानंच जीव घेतला."

व्हर्लीनबाईंनी फाईल उघडली. वरचाच कागद ठरावाचा होता. त्यांनी तो उभा फाडला, आडवा फाडला, तुकडे खिशात ठेवले. रस्त्यावर टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मग ताठ उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं मी पोरांना सांगितलं, चूक केली तर उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मिस्टर ओल्वेरा, चूक माझी. तुमच्यावर आळ घेतला, तीही माझीच. गुरुवारी मीटिंगमध्ये हेच सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुम्ही या. तुम्ही समोर असल्याशिवाय मी बोलणार नाही."

फाउस्तिनोनं टोपी घातली. आल्यापासून पहिल्यांदा.

"येतो," तो म्हणाला. "पण सात वाजता नको. सातला मी ब्लेडसोसाहेबांचं लॉन कापतो."

"आठला घेऊ," चेअरमनबाई म्हणाल्या. सोसायटीची मीटिंग पंचवीस वर्षांत प्रथमच हलली.

ओडेल पोटावर आडवा झाला. तुटकी टोकं सोलली, पीळ दिला, पाणी शिरू नये म्हणून ग्रीस भरलेल्या टोप्या बसवल्या. दोन्ही व्हॉल्व्ह उघडून आतले चिरलेले रबरी पडदे बदलले. पेटीखाली खडी घातली आणि पेटी उचलून झाकण गवताच्या पातळीला आणलं.

"पुरू का परत?" त्यानं नेडीनला विचारलं.

नेडीननं त्या हिरव्या झाकणाकडं बराच वेळ बघितलं. "राहू दे. हसताना सगळेच दात दिसतात."

फाउस्तिनोनं गॅरेजात जाऊन टायमरची कळ दाबली. आधी खाली घसा खाकरल्यासारखा आवाज झाला. मग फवारे एकामागून एक उठले, फिरले, आणि पहिला फटकारा सरळ व्हर्लीनबाईंच्या केसांवर बसला. त्या जागच्या हलल्या नाहीत. भिजत उभ्या राहिल्या.

"हे येईल परत?" नेडीननं विचारलं.

"हरळी आहे ही, नेडीनबाई. वरून मेली तरी मुळी मरत नाही. तीन आठवडे द्या."

कॉयनं पाटी उचलली आणि आपल्या लॉनकडं निघाला. बाई केस पुसत, हातोडा घेऊन मागोमाग. पाटी उभी केली, बाईंनी हातोडा उगारला, आणि कॉय ओरडला, "थांब, थांब, बाई! माझी पेटी कुठं पुरलीय ते मलाच आठवत नाही!"

हातोडा हवेतच राहिला. मग व्हर्लीन स्ट्रूप वळल्या आणि त्यांनी तो दांड्याकडून फाउस्तिनोपुढं धरला.

"मिस्टर ओल्वेरा, हे लॉन तुम्ही किती वर्षं कापता?"

"सहा."

"मग तुम्हीच सांगा. कुठं ठोकायची?"

फाउस्तिनोनं हातोडा घेतला. गवतावर चार पावलं टाकली, बुटाच्या टाचेनं जमीन ठोकली, कान दिला, आणि मान हलवली.

"इथं नको," तो म्हणाला, आणि पाटी घेऊन कॉयच्या गुलाबाच्या वाफ्याकडं चालू लागला.